रिपोर्टमधले अकरा तारे आणि आहाराची एकच यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, वजन ८४ किलो, तक्रार काही नाही. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून ऐंशीहून जास्त चाचण्यांचे पॅकेज करून घेतलेत आणि अकरा आकड्यांपुढे तारा छापून आला. प्रत्येक ताऱ्यासाठी काय खायचे आणि काय सोडायचे याची यादी तुम्हाला हवी आहे. शिवाय ‘कोणते पदार्थ तुम्हाला सोसत नाहीत’ हे रक्तातून सांगणारी आणखी एक चाचणी करावी का, हेही विचारले आहे.

अकरा याद्या लागणार नाहीत. धोक्याच्या दृष्टीने तुमच्या रिपोर्टमध्ये दोनच गोष्टी आहेत आणि आठ तारे त्या दोघींचेच आहेत. उरलेल्या तीन ताऱ्यांचा तुमच्या हृदयाशी किंवा साखरेशी आज तरी संबंध जोडता येत नाही. आधी हे तीन बाजूला काढू.

एचएस-सीआरपी ११. ही चाचणी शरीरातला मंद, रेंगाळणारा दाह मोजते. १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, ३ च्या वर जास्त, असे तिचे ढोबळ वाचन आहे. पण १० च्या वर आकडा गेला की तो बहुतेक वेळा संसर्गाचा असतो. रक्त देण्याच्या आदल्या आठवड्यात सर्दी-ताप होता, हे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे हा आकडा सोडून द्या. हवीच असेल तर पूर्ण बरे वाटल्यावर, किमान दोन आठवडे जाऊ देऊन, पुन्हा करा.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी, किंचित कमी. तुम्ही केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता. काही यंत्रांवर थायरॉइडची चाचणी ज्या पद्धतीने होते तिच्यात बायोटिन लुडबूड करते; टीएसएच खोटे कमी आणि टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने (एफडीए) २०१७ साली यावर जाहीर इशारा दिला होता. गोळी किमान दोन दिवस बंद ठेवून तपासणी परत करा. मात्रा फार मोठी असेल तर आणखी काही दिवस थांबावे लागते. सगळी औषधे सांगितली आणि ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून नेमकी हीच गोळी सांगायची राहिली, असे नेहमी होते.

ड जीवनसत्त्व १९. कमी आहे, डॉक्टरांनी सांगितले तर भरून काढा. पण त्याने हृदयविकाराचा धोका उतरेल अशी आशा ठेवू नका. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत पंचवीस हजारांहून जास्त लोकांना काही वर्षे रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा नकली गोळी दिली होती. हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग होण्याच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. रक्तात एखादी गोष्ट कमी असणे हा आजाराचा सोबती असतो की कारण, हे रिपोर्ट सांगत नाही.

आता ताऱ्याबद्दलच थोडे, कारण निम्मी भीती त्या छपाईतून येते. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जी मर्यादा असते ती दोन वेगवेगळ्या प्रकारांनी ठरलेली असते आणि छापताना दोन्ही एकाच रकान्यात टाकतात. एएलटी (यकृताचे एन्झाइम), फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), टीएसएच यांची मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेली असते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच तशीही बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर किमान एक तारा येण्याची शक्यता ६४ टक्के निघते; इथे तर ऐंशीहून जास्त चाचण्या आहेत. साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे तसे नाही. त्यांच्या मर्यादा पुढे होणाऱ्या आजारावरून ठरवल्या आहेत. त्यामुळे एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १३८ समाजात अगदी सर्रास आढळते, आणि तरीही वडिलांचा इतिहास असलेल्या माणसासाठी ते ‘ठीक’ नसते. पहिल्या प्रकारचा तारा बघून धीर धरायचा असतो, दुसऱ्या प्रकारचा बघून हिशेब करायचा असतो.

तर पहिली गोष्ट. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.९, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३०, एचडीएल (चांगले म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३८, एएलटी ५८, फेरिटिन ३६०. तारे सहा असले तरी बहुधा एकच प्रकार आहे: इन्शुलिनला शरीराने पूर्वीसारखी दाद न देणे आणि यकृतात चरबी साठणे. यकृतात गरजेपेक्षा जास्त साखर, स्टार्च आणि मद्य येते तेव्हा त्याची चरबी होते. काही तिथेच राहते, आणि पेशींना त्रास झाला की एएलटी रक्तात उतरते. बाकीची चरबी ट्रायग्लिसराइड्सने भरलेल्या कणांतून रक्तात सोडली जाते. हे कण एचडीएलशी चरबीची देवाणघेवाण करतात, त्यात एचडीएलचे कण लहान होऊन लवकर नष्ट होतात, म्हणून एक आकडा वर गेला की दुसरा खाली येतो. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचेही ऐकत नाही. रात्रभर साखर सोडत राहते, आणि सकाळची उपाशीपोटी साखर शंभराच्या पुढे जाते.

फेरिटिन बघून अनेक जण लोह वाढले म्हणून घाबरतात. फेरिटिन हे दाहातही वाढते, फॅटी लिव्हरमध्येही वाढते, आणि तुम्हाला तर ताप येऊन गेला होता. एकच काम करा: पुढच्या वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणारे प्रथिन किती भरलेले आहे ते, सोबत मोजा. ते ४५ टक्क्यांच्या आत असेल तर लोहाचा साठा खरोखर वाढलेला असण्याची शक्यता कमी. त्याच्या वर असेल तर डॉक्टर पुढचा तपास सांगतील.

यकृत किती बिघडले आहे याचा अंदाज तुमच्या हातातल्या कागदावरच आहे, फक्त कोणी गणित केले नाही. वयाला एएसटीने (एएलटीसारखेच आणखी एक एन्झाइम) गुणायचे. मग त्याला, प्लेटलेट हजारांत घेऊन एएलटीच्या वर्गमुळाने गुणल्यावर येणाऱ्या संख्येने भागायचे. तुमचे एएसटी ४०, प्लेटलेट २ लाख ५० हजार. ४६ गुणिले ४० म्हणजे १८४०. ५८ चे वर्गमूळ ७.६, त्याला २५० ने गुणले की १९०० च्या आसपास. उत्तर ०.९७. याला फिब-४ म्हणतात, आणि १.३ च्या खाली असेल तर यकृतात गंभीर वण (फायब्रोसिस) पडले असण्याची शक्यता कमी. नव्या महागड्या चाचणीपेक्षा हे फुकटचे गणित मला जास्त आवडते.

एचबीए१सी ५.९ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १२३. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा धरतात. मात्र हा आकडा लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढतो. रक्तस्राव झाला असेल, पेशी लवकर फुटत असतील किंवा रक्त चढवले असेल तर खोटा कमी येतो. तुमचे हिमोग्लोबिन नीट आहे, उपाशीपोटी साखरही तेच सांगते आहे, म्हणून मी तो खरा मानतो.

उलट १०८ बद्दल मला थोडी शंका आहे. नमुना घरून नेला होता. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर खोलीच्या तापमानात साखर दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के उतरते. राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड असते, पण त्यालाही पूर्ण काम सुरू करायला तास-दोन तास लागतात. नमुना किती वेळ पिशवीत फिरला हे रिपोर्टवर लिहिलेले नसते. तेव्हा पुढच्या वेळी लॅबमध्ये जाऊनच द्या. दहा-पंधरा मिनिटे बसून घ्या, दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळलेला राहू देऊ नका. उभ्याने वावरून लगेच रक्त दिले की रक्त थोडे घट्ट होते आणि कोलेस्टेरॉलही थोडे जास्त दिसते. आदल्या दोन दिवसांत जड व्यायाम नको, कारण त्याने एएसटी आणि एएलटी दोन्ही वाढतात, मद्यही नको.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची, आणि वडिलांमुळे ती माझ्या लेखी पहिलीपेक्षा मोठी आहे. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आणि स्त्री नातेवाइकाला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो अकाली धरतात. तुमचे एलडीएल मोजलेले नाही, गणिताने काढलेले आहे: एकूण कोलेस्टेरॉल २२२ मधून एचडीएलचे ३८ वजा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग म्हणजे ४६ वजा, उरले १३८. हे १९७२ चे फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की ते चालतच नाही, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून कच्चे पडू लागते. तुमच्यासारख्या रिपोर्टमध्ये धोका त्यातून कमीच दिसतो, कारण धमनीच्या भिंतीत घुसणाऱ्या कणांची संख्या महत्त्वाची असते आणि तुमच्या कणांमध्ये प्रत्येकी कोलेस्टेरॉल कमी असण्याची शक्यता आहे. म्हणून दोन आकडे बघा. एकूणातून एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल येते, तुमचे १८४. ते एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त इतपत चालते, आणि तुमचे तर तुमच्या आजच्या एलडीएलपेक्षाच ४६ ने जास्त आहे. दुसरा आकडा अपो-बी. अशा प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे ती कणांची सरळ मोजणीच.

आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, मोजून घ्या. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असते. आहाराने, चालण्याने, वजन उतरवून ते फारसे हलत नाही, म्हणून पॅकेज विकणाऱ्यांना त्यात रस नसतो. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघाले तर ताटात बदल करून ते खाली आणायच्या मागे लागू नका. एलडीएल, रक्तदाब, तंबाखू अशा बाकीच्या बाबतीत जास्त कडक राहायचे, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांचा झटका तिथून आला असेल तर ते आताच कळलेले बरे.

ऐंशी चाचण्या झाल्या, पण रक्तदाब कोठेच लिहिलेला नाही. कमरेचा घेर नाही, तंबाखू आहे की नाही ते नाही. मूत्रातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तरही नाही. मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या बिघडायला लागल्याचे ते फार लवकर सांगते, ३० च्या आत हवे. पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायची जी गणिते आज वापरतात, युरोपातले स्कोअर-२, ब्रिटनमधले क्यूरिस्क-३, अमेरिकेतले २०२३ चे प्रिव्हेंट, त्या सगळ्यांना रक्तदाब लागतोच. तो नसेल तर बाकीचे आकडे घेऊन मी काहीच सांगू शकत नाही. घरी बसून, पाच मिनिटे शांत राहून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि लिहून ठेवा. या गणितांत क्यूरिस्क-३ मध्ये घरचा इतिहास धरलेला आहे, प्रिव्हेंटमध्ये नाही, तेव्हा तिथे उत्तर कमी आले तर त्यावर खूश होऊ नका.

आता आहार. पहिल्या गोष्टीसाठी कोणताही खास पदार्थ नाही, वजन उतरणे हेच औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले होते. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे सहा किलो. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली सहा वर्षांसाठी असाच प्रयोग सुरू झाला होता, आणि तीस वर्षांनी पाहिले तेव्हा आहार-व्यायामाच्या गटात हृदयविकार आणि मृत्यू दोन्ही कमी होते. हे मला कोणत्याही रक्ताच्या आकड्यापेक्षा मोलाचे वाटते.

सुरुवात पेयांपासून करा. गोड पेये, फळांचे रस, मद्य. प्यायलेली साखर पोट भरल्याची जाणीव न देता थेट यकृतात पोचते, आणि ट्रायग्लिसराइड्स सगळ्यात आधी तिथेच हलतात, काही आठवड्यांत. मग मैद्याचे आणि पॅकेटमधले खाणे. भात-पोळीसारख्या पिष्टमय भागाचा वाटा कमी करून त्याची जागा डाळी-कडधान्ये, भाज्या, अंडी, मासे यांना द्या. वजन ५ ते १० टक्के उतरले की ट्रायग्लिसराइड्स सुमारे २० टक्के उतरतात, आणि यकृतातली चरबी तर ५ टक्क्यांपासूनच कमी व्हायला लागते.

दुसऱ्या गोष्टीला वेगळे काही लागते, आणि इथेच गल्लत होते. तुम्ही लिहिले आहे की मित्राने साखर-धान्य सोडून लोणी, चीज आणि खोबरेल तेलावर भर दिला आणि त्याचे ट्रायग्लिसराइड्स निम्मे झाले. झाले असतील. त्याला एलडीएल विचारा. संतृप्त चरबी वाढली की यकृत रक्तातले एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी करते, आणि काही लोकांत, विशेषतः सडपातळ माणसांत, हा आकडा भयंकर चढतो. एक आकडा सुधारला म्हणजे धोका कमी झालाच असे नाही.

एलडीएलसाठी लोणी, मलई, पामतेल, खोबरेल, चरबीचे मांस यांच्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा, ऑलिव्ह अशी द्रवरूप तेले यावीत. नुसते काढून टाकून तिथे मैदा-साखर आली तर फायदा होत नाही. जोडीला विरघळणारे तंतू: ओट, बार्ली, राजमा, मसूर, इसबगोल, सफरचंद. हे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून बाहेर नेतात, नवी बनवायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढावे लागते. मूठभर बदाम-अक्रोड, सोयाचे पदार्थ. न गाळलेली उकळलेली कॉफी पीत असाल तर कागदी फिल्टर वापरून पाहा; तिच्यातला कॅफेस्टॉल नावाचा घटक एलडीएल वाढवतो.

याने किती उतरेल? टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २००३ मध्ये हे सगळे एकत्र करून, तयार जेवण हातात देऊन पाहिले तेव्हा चार आठवड्यांत एलडीएल सुमारे २९ टक्के उतरले, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या जवळपास. त्यांनीच २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडले, तेव्हा सहा महिन्यांत १३ टक्के. मी घरातला आकडा धरतो. १३८ चे १३ टक्के गेले की १२० राहतात. चांगले आहे, पण वडिलांचा इतिहास आणि नॉन-एचडीएल बघता कदाचित पुरेसे नाही, आणि तसे झाले तर गोळी सुरू करावी लागली म्हणून आहार फसला असे समजू नका.

अन्न सोसण्याची आयजीजी चाचणी, म्हणजे पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे रक्तात मोजणारी ती तुम्ही विचारलेली चाचणी, मात्र करू नका. त्या पदार्थाशी तुमच्या शरीराची ओळख आहे एवढेच आयजीजी दाखवते. जे रोज खाता तेच यादीत लाल होऊन येते. अॅलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय, अमेरिकी आणि कॅनडातल्या संघटनांनी ती वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. या चाचणीनंतर दूध, गहू, अंडी, डाळी सगळे बंद करून बसलेली माणसे बघितली आहेत, आणि त्यांना परत नीट जेवायला लावणे फार जिकिरीचे असते.

फेरतपासणी बारा आठवड्यांनी, त्याआधी नको. एचबीए१सीला तेवढा वेळ लागतोच. वजन भराभर उतरत असताना कोलेस्टेरॉलचे आकडेही फसवे येतात आणि उपासात यूरिक अॅसिड चढते, म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे वजन स्थिर असू द्या. ग्लुकोज पिऊन करायची चाचणी डॉक्टरांनी सांगितली तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके खा. धान्य सोडलेल्या माणसाची ती चाचणी उगीचच बिघडलेली येते. लॅब तीच, वेळ तीच. चाचण्या इतक्याच: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड, अपो-बी, एएसटी-एएलटी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, क्रिएटिनिन, मूत्राचे गुणोत्तर आणि टीएसएच. अपो-बी आणि एकदाचे लिपोप्रोटीन-ए एवढे मात्र आताच मोजून घ्या. एलडीएल काहीही न करता आठ-दहा टक्के इकडेतिकडे होते, ट्रायग्लिसराइड्स वीस टक्क्यांहूनही जास्त. १३८ चे १३० झाले तर ते यश धरू नका, १४५ झाले तर अपयशही नाही.

तोवर रक्तदाबाची वही घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. १३०/८० च्या वर सरासरी असेल, लिपोप्रोटीन-ए जास्त निघाले किंवा अपो-बी १३० च्या वर असेल तर स्टॅटिनचा विषय बारा आठवडे न थांबता काढा. निर्णय अडला तर हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन मदतीला येतो. आणि चालताना छातीत दाब, दम किंवा जबड्याकडे-हाताकडे जाणारी कळ आली तर यातले काहीही न वाचता सरळ इस्पितळात जा. तिथे लागणाऱ्या तपासण्या वेगळ्या असतात.